शेजाऱ्याचे आरोग्य आणि सरकारची सत्ता

वाचकहो, माझे शरीर माझे आहे. मग आरोग्याच्या नावाने सरकारने माझ्यावर सक्ती करावी काय? प्रश्न सोपा दिसतो; परंतु साथीचा रोग उंबऱ्याशी थांबत नाही. माझ्या घरातील रोग शेजाऱ्याच्या लेकराचा प्राण घेऊ शकतो. ह्यास्तव येथे 'माझे' हा शब्द अपुरा पडतो.

इ. स. १८९६ त मुंबईत प्लेग उद्भवला. पुढील वर्षी साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात सोजिरांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या. हेतू रोगनिवारणाचा होता; पण माणसांचा मान राहिला नाही. लोक रोगी लपवू लागले आणि जून १८९७ त रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली.

त्याच वर्षी जानेवारीत डॉ. हाफकिन ह्यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करिता करिता १० मार्च रोजी वारल्या. ह्या दोघांनी जोखीम आधी स्वतः पत्करली.

तर मग सक्ती सर्वथा अन्याय्य आहे काय? नाही. निष्काळजी मनुष्यापासून दुर्बळांचे रक्षण कायद्यावाचून होत नाही. परंतु जो आज्ञा करितो, त्याने आधी कारण समजावून सांगावे, रोग्याचा मान राखावा व त्याच्या कुटुंबाच्या पोटाची सोय करावी. तोच कायदा इ. स. २०२० त कोविडच्या साथीत पुन्हा लागू झाला. कायदा एका दिवसात लागू करिता येतो. विश्वास मात्र साथ येण्यापूर्वीच मिळवून ठेवावा लागतो.