जनक आणि पालक

बाळाच्या स्नानसंस्काराची तारीख ठरविण्यासाठी आईवडील येतात, तेव्हा आम्ही बाळाच्या पित्याला सहज विचारतो, "बाळ रात्री किती वेळा उठते?" पुष्कळदा तो उत्तरासाठी पत्नीकडे पाहतो. शिरोलीच्या एका फौंड्रीत काम करणारा तरुण मात्र खाली मान घालून म्हणाला, "फादर, खरं सांगू? त्याला उचलायची भीती वाटते. आणि माया म्हणतात ती अजून काही वाटत नाही. हे पाप आहे का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. शेकशेगडी, टाळूवरचे तेल, डिंकाचे लाडू हा सारा कारभार स्त्रियांच्या हाती. पिता पाहुण्यासारखा येतो, बाळाचे मुख पाहतो आणि परततो. पुढे मायलेकरे घरी येतात, तेव्हा तान्हा जीव त्याला अनोळखीच असतो. सवड म्हणावी तर तीही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी कारखान्यातील कामगाराला कायद्याची तशी हमी नाही.

मग माया न वाटणे हे पाप काय? आमच्या मते नव्हे. भावना आज्ञा करून येत नाहीत आणि जे आपल्या इच्छेच्या अधीन नाही, त्याचा दोष माणसाच्या माथी येत नाही. आईच्या बाबतीतही हेच खरे. बाळंतिणीची उदासी हटत नसेल, तर तिला उपदेशाची नव्हे, डॉक्टरांची गरज असते. परंतु 'माया वाटेल तेव्हा उचलीन' असे म्हणून हात आखडता घेणे, येथे मात्र दोषाचा आरंभ होतो.

कोणी म्हणेल, मायेवाचून केलेली सेवा कोरडीच नव्हे काय? १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात, काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा व कमी वजनाच्या बाळांना जन्मापासूनच दररोज ८ ते २४ तास ही ऊब द्यावी, अशी शिफारस केली आहे. पित्याची छातीही ती ऊब देऊ शकते. ऊब देणाऱ्याच्या मनात आधी माया दाटून आली आहे काय, हे बाळ विचारीत नाही. आणि पुष्कळदा माया येते ती याच वाटेने, हातांतून हृदयाकडे.

मराठीत जनक आणि पालक असे दोन शब्द आहेत, हे आपले भाग्य. संत योसेफ येशूचा जनक नव्हता, पालक होता. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. बाळाविषयी त्याला काय वाटले, तेही मत्तय सांगत नाही. सांगतो ते एवढेच की, त्याने बाळाचे नाव ठेवले, आणि संकट आले तेव्हा रात्रीच उठून बाळ व त्याची आई यांना घेऊन तो मिसर देशास गेला. रात्री उठणे! पालकत्वाचा पहिला धडा आजही तोच आहे.

१९६९ साली सुधारलेल्या बालकांच्या स्नानसंस्कारविधीत मंडळी आईवडील दोघांनाही प्रश्न विचारते आणि त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून देते. उत्तर देण्याचे काम एकट्या आईवर सोपविलेले नाही.

ज्यांना सारे 'फादर' म्हणतात ते आम्ही तान्ह्यासाठी एकही रात्र जागलेलो नाही. म्हणून त्या तरुणाला उपदेश करताना जीभ अडखळली. "रात्रीचे एक उठणे तुझे," एवढेच आम्ही म्हणालो. स्नानसंस्काराच्या दिवशी बाळ त्याच्याच हातांत होते, मानेखाली तळहात नीट धरलेला. आम्ही पुन्हा तोच प्रश्न केला.

"तीनदा," तो म्हणाला. "दुसऱ्यांदाची पाळी माझी."

माया आली काय, हे आम्ही विचारले नाही.