अँटनीच्या हातातील झगा

१५९९ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ या शोकांतिकेत, तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, सीझरच्या अंत्यविधीच्या वेळी दोन भाषणे होतात आणि काही मिनिटांपूर्वी मारेकऱ्यांचा जयजयकार करणारा रोमचा जमाव त्यांचीच घरे जाळायला निघतो. मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने बुद्धीला आवाहन केले आणि सीझरचा मित्र अँटनी याने भावनेला, असे या पालटाचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते; ते खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण या प्रवेशात पुरावे मांडतो तो अँटनीच.

ब्रूटस गद्यात, तोलूनमापून बोलतो. सीझर महत्त्वाकांक्षी होता म्हणून त्याला मारले, हा निकाल तो सांगतो, पण त्या महत्त्वाकांक्षेचा एकही दाखला देत नाही, आणि प्रश्न असे विचारतो की त्यांना नकाराखेरीज उत्तर उरू नये. त्याचे म्हणणे जमावाला कितपत उमगले हे पुढच्याच क्षणी कळते, कारण आता ब्रूटसलाच सीझर करा, अशी आरोळी उठते.

कटवाल्यांना दोष द्यायचा नाही या अटीवर बोलायला उभा राहिलेला अँटनी त्यांची स्तुतीच करतो. आपल्या काव्यशास्त्रात जिला व्याजस्तुती म्हणतात, म्हणजे स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा, तिचे याहून भेदक उदाहरण क्वचितच सापडेल. खंडणीच्या पैशाने भरलेला सरकारी खजिना, गरिबांसाठी गाळलेले अश्रू, तीनदा नाकारलेला मुकुट असा एकेक दाखला तो पुढे ठेवतो, त्यालगत ब्रूटस सन्माननीय असल्याचे सांगतो, आणि दोहोंमधील विसंगतीवर स्वतः बोट ठेवत नाही. ते काम श्रोते करतात, म्हणून निघालेला निष्कर्ष त्यांना स्वतःचा वाटतो. सीझरचे मृत्युपत्र दाखवून ते वाचण्यास तो नकार देतो, तेथे आक्षेप हा अलंकार, म्हणजे सांगायच्या गोष्टीचा निषेध करून तिला उठाव देणे, कामी येतो. ‘सन्माननीय’ हा शब्द शिवीसारखा प्रथम उच्चारला जातो तो एका नागरिकाच्या तोंडून.

मग अँटनी व्यासपीठावरून उतरतो, लोकांना प्रेताभोवती कडे करायला लावतो आणि सीझरचा झगा हाती घेऊन हे भोक कॅशिअसच्या खंजिराचे, हे कास्काचे, हे ब्रूटसचे, असे दाखवत जातो. वास्तविक हत्येपूर्वी कटातील ट्रेबोनिअसने त्याला बाजूला नेलेले असते, त्यामुळे कोणता वार कोणाचा हे त्याने पाहिलेलेच नाही. हा झगा सीझरने नर्व्ही जमातीवरील विजयाच्या दिवशी प्रथम घातला, ही आठवणही अशीच संशयास्पद आहे, कारण इ.स.पू. ५७ मधील त्या लढाईच्या वेळी इतिहासातील अँटनी सीझरच्या सैन्यात दाखल झालेला नव्हता. पण भोके खरी आहेत, रक्त खरे आहे, आणि डोळ्यांपुढच्या वस्तूचा खरेपणा तिच्याविषयीच्या कथनाला आपोआप चिकटतो. या प्रवेशाचे खरे सामर्थ्य, आणि त्यातील भीतीही, येथे आहे.

जमाव इतका पेटतो की मृत्युपत्राचे भानही त्याला राहत नाही. प्रत्येक नागरिकाला ७५ ड्राक्मा आणि टायबरकाठच्या बागा मिळणार, हे सांगायला अँटनीलाच त्याला परत बोलवावे लागते. पुढच्या प्रवेशात सिना नावाचा एक कवी एका कटवाल्याशी असलेल्या निव्वळ नामसाधर्म्यामुळे त्या जमावाच्या तावडीत सापडतो. चौथ्या अंकाच्या आरंभी अँटनी आपला साथीदार लेपिडस याला सीझरच्या घरी पाठवून तेच मृत्युपत्र मागवतो, कारण त्यातील देणग्यांना कात्री कशी लावता येईल हे त्याला पाहायचे असते.