दार कुणासाठी वाजवायचे?

न्याय कुणासाठी मागायचा, हा प्रश्न भाषणात सोपा असतो. मोहल्ल्यात पत्रके घेऊन दारोदार फिरू लागले की तो अवघड होतो. जळगावच्या तांबापुऱ्यात, धुळ्याच्या आझादनगरात आम्ही काही जण फिरतो तेव्हा आमच्या पत्रकात साध्याच गोष्टी असतात. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला सोडले पाहिजे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केले.

लोक पत्रक वाचतात आणि विचारतात, "किसके वास्ते?"

बेकसूर अडकलेल्या आपल्या पोरांसाठी म्हटले की लगेच सही होते. मालेगाव आमच्या धुळ्यापासून लांब नाही. तिथल्या 2006 च्या बॉम्बस्फोटात पकडलेल्या तरुणांपैकी बहुतेकांना जामीन मिळायला 2011 उजाडले आणि 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. हे सांगावे लागत नाही, घराघरांत ठाऊक आहे. पण त्याच पत्रकात खाली एक ओळ आहे : पोलीस कोठडीत कुणालाही मारहाण होऊ नये. या 'कुणालाही'पाशी बोटे थांबतात.

एका आपांनी उंबरठ्यावरच आम्हाला अडवले. त्यांची शिलाई मशीन चोरीला गेली होती. चोर दोन गल्ल्या पलीकडचाच पोरगा. पोलिसांनी त्याला तुडवले, तिसऱ्या दिवशी मशीन घरी आली. "मार बसला म्हणून माझी रोजी परत आली," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही म्हणता मारू नका?"

या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. मारून काहीच साध्य होत नाही, असे उत्तर सुशिक्षितांकडे तयार असते. ते आपांना देता येत नाही, कारण मशीन खरोखर आली आहे. मग म्हणायचे काय? एवढेच, की ज्या हाताने तुमची मशीन शोधून दिली, त्या हाताला गुन्हेगार कोण हे कोर्टाआधी ठरवण्याची मुभा आपण दिली. पुढच्या वेळी तो तुम्हाला विचारणार नाही. 6 जानेवारी 2013 ला धुळ्यात पोलीस गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले. मोबाइलवरच्या चित्रीकरणात काही पोलीसच मोडतोड करताना दिसले, त्यांतल्या काहींना अटकही झाली. त्या दिवशी कोण दंगेखोर, हे कुणी ठरवले होते?

दुसरे उदाहरण आपल्या बिरादरीबाहेरचे आहे, म्हणून ते मुद्दाम देतो. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. भिक्षा मागत दारोदार फिरणारी ही माणसे. मारणाऱ्यांनाही वाटत होते की आपण मुलांचे रक्षण करतो आहोत. 'मार बसलाच पाहिजे' हे वाक्य तिथेही होते. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, नजर राहिली. त्याच नजरेने आपल्याकडे पाहिले की आपण दुखावतो. पारधी गल्लीत आला की आपण कड्या लावतो.

जळगावात एका बुजुर्गांनी आम्हाला फटकारले. त्यांनी 8 मे 1970 पाहिला आहे. त्या दंगलीत मेलेल्या 43 जणांत 42 मुसलमान होते, हे न्यायमूर्ती मादोन आयोगाने नोंदवले. "आपले घर जळते तेव्हा आपलीच बादली लागते," ते म्हणाले. "गोसाव्यासाठी कोण आणि चोरासाठी कोण?" त्यांच्या शब्दामागचे वजन आम्ही नाकारत नाही. दुःख आपल्या माणसाचे जास्त होणारच, त्यात गैर काय? पण कायदा मात्र दुःखाच्या मापाने मागता येत नाही. स्वतःविरुद्ध, नात्यागोत्याविरुद्ध जात असली तरी साक्ष खरी द्या, कुणाशी वैर असले तरी इन्साफ सोडू नका, ही कुरआनची शिकवण आपण जुम्म्याला ऐकतो. ऐकताना ती बहुधा दुसऱ्यांना उद्देशून आहे असे वाटते.

आणखी एक अडचण नव्या कायद्यातच आहे. ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे चालू आहेत, त्याला एक-तृतीयांशची सवलत नाही आणि निम्म्या शिक्षेनंतरचीही नाही. म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचा तो मशीनचोर पोरगा, ज्याच्या नावावर सायकलीची चोरीही आहे, तो आतच राहतो. त्याच्याजवळ वकिलाला पैसे नाहीत, जामीनदार नाही आणि सही करणारा शेजारीही नाही. अशांचाही विचार व्हावा, अशी मागणी आम्ही पत्रकात शेवटी घातली आहे. आझादनगरात काही तरुण लूमचा खडखडाट सोडून बाहेर आले, पत्रक वाचले आणि म्हणाले, ही शेवटची ओळ काढा, उद्याच पाचशे सह्या आणून देतो.

ओळ आम्ही काढलेली नाही. सह्या कमी होत आहेत.