उंबरे कोणी झिजवावेत?

पराशरस्मृतीत दानाची प्रतवारी लावलेली आहे, आणि ती द्रव्याच्या मोजमापावर नसून पावलांवर आहे. दाता स्वतः चालून गेला तर ते दान वरच्या पायरीचे. घेणाऱ्यास आपल्या घरी बोलावले तर त्याहून उणे. त्यास तोंड उघडून मागावे लागले तर हलके. आणि त्याच्याकडून चाकरी करवून घेऊन दिले, तर त्याचे फळच नाही. वृद्ध व अपंग बांधवांना आज जे साहाय्य मिळते, त्यास ही कसोटी लावली तर काय निष्पन्न होते, हे वाचकांनी मनाशी पाहावे.

कोणी म्हणेल, सरकारी वेतन हे दान नव्हे, तो हक्क आहे. मान्य. परंतु मग तर प्रश्न अधिकच बिकट होतो. हक्क म्हणजे समाजाने फेडावयाचे ऋण. आणि ऋणकोने धनकोच्या दारी जावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. येथे मात्र काठी टेकीत धनकोच हेलपाटे घालतो.

साहाय्य मुळी नाहीच, असे म्हणता येणार नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १९९५ सालापासून चालू आहे. कर्नाटकात ६५ वर्षांवरील निर्धनांकरिता २००७ पासून संध्या सुरक्षा योजना आहे. त्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्यान्वये, मुले सांभाळीत नसल्यास आईबापांना न्यायाधिकरणापुढे पोटगी मागता येते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले. उणीव आहे ती या सर्वांची सांगड घालणाऱ्या माणसाची. वेतनाचा अर्ज महसूल खात्याच्या नाडकचेरीत. अपंगत्वाचा दाखला सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून. साधनांसाठी दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खाते. पैसा बँकेत किंवा टपाल कचेरीत. एका खात्यास दुसऱ्याचा कागद हवा असतो, आणि तो पोचविण्याचे काम ज्याला चालवत नाही त्याच्याच माथी येते. निपाणीच्या एखाद्या वृद्धेस पोटगीसाठी चिकोडीची प्रांत कचेरी गाठावी लागते. जिल्ह्याचे काम निघाले तर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव. जन्मभर विड्या वळून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असल्या, तर ठसा घेणारे यंत्रही तिला ओळखीत नाही!

आपल्या भागात आणखी एक पायरी आहे, ती भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्या काळी मराठी शाळेत अक्षर गिरविलेल्या, आज ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या हाती कानडी नोटीस पडते. शेजारचा कानडी मुलगा ती वाचून दाखवितो, हे या गावचे भाग्यच म्हणावयाचे. गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात अथवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकास दिला आहे. परंतु हा हक्क आहे, एवढे तरी त्यास कोणी सांगावयास नको काय?

ज्यांनी हे काम आपल्या पायांवर घेतले, अशी उदाहरणे आहेत. कर्नाटकात ग्रामपंचायतींमध्ये पुनर्वसन कार्यकर्ता नेमतात, आणि तो स्वतः अपंग असतो. ही योजना ज्याने सुचविली त्याला माणसांची पारख असली पाहिजे. कारण कोणत्या कचेरीचा जिना किती उभा आहे, हे त्या कार्यकर्त्यास शिकवावे लागत नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्याचे काम संस्थारूपाने सुरू झाले. पुढे तेथील गावोगावच्या साध्या नागरिकांनी आठवड्याचे काही तास देऊन अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी जाण्याचा परिपाठ ठेवला. औषधाबरोबर घरातील धान्याचीही विचारपूस होऊ लागली. २००८ साली त्या राज्याने या कार्याचे धोरणच जाहीर केले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुसऱ्याचे कागद ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता येते. दलाल तिचा मोबदला घेतो. सज्जन घेत नाही, परंतु तोही कित्येकदा म्हाताऱ्यास न विचारता त्याचे बरेवाईट ठरवून मोकळा होतो. मला तर हा दुसरा दोष अधिक सूक्ष्म वाटतो, कारण त्याविरुद्ध तक्रार करणे कृतघ्नपणाचे दिसते. ज्याचा गुडघा दुखतो त्याची बुद्धीही लंगडी असते, असे नाही.

टिळकवाडीत कोणत्या माडीवर कोण एकटे पडून आहे, हे कचेरीस ठाऊक नसते, मंदिरास असते. पौर्णिमेला सत्यनारायणाकरिता, श्राद्धपक्षाकरिता पुरोहित घरोघर जातो. मी पुरोहिताच्या घरातला असल्याने सांगतो, आतल्या खोलीतला खोकला सोवळ्यातही ऐकू येतो. नेहमी दर्शनास येणारी एखादी आजी चार गुरुवार दिसली नाही, तरी गुरवाच्या ते ध्यानात येते. ही माहिती आज आमच्या बोलण्यातच विरून जाते. ती एका वहीत यावी. आठवड्यातून एक सायंकाळ सभामंडपात मराठी व कानडी दोन्ही वाचणारी दोन तरुण मंडळी बसावीत, आणि जो येऊ शकत नाही त्याच्याकडे त्यांनीच जावे. वहीत नाव, घर, कोणता कागद कोठे अडला आहे आणि पुढील फेरी कोण घालणार, एवढे असावे. पासबुक, आधारपत्र ज्याचे त्याच्याच घरी राहावे. आणि अडलेल्या कागदाच्याही आधी एक रकाना त्या माणसास स्वतःला काय हवे आहे याचा ठेवावा. कोणी वेतन सांगेल, कोणी चष्मा. कोणी कदाचित एवढेच सांगेल की, मला एकदा देवळापर्यंत घेऊन चला.