तेल प्यायलेलं काँक्रीट

28 दिवसांनी चाचणीचा क्यूब फोडायचा, ताकदीचा आकडा आला की फाइल बंद. काँक्रीट त्यापुढेही हलत असतं, हे फाइलला ठाऊक नसतं. सतत भार अंगावर असला की ते वर्षानुवर्षं दबत जातं. भार पडताक्षणी जेवढं दबलं, त्याच्या दुप्पट-तिप्पटही. फ्रान्समध्ये यूजीन फ्रेसिने यांनी 1911 च्या सुमारास बांधलेल्या एका पुलाच्या कमानी अशाच खचल्या. त्यांनी जॅक लावून त्या उचलल्या आणि पुढे ओळखलं, की प्रीस्ट्रेसिंगला, म्हणजे ताणलेल्या तारेने काँक्रीट आधीच दाबून ठेवायला, जास्त ताकदीची तारच हवी. साध्या सळईतला ताण हे दबणं गिळून टाकतं. आमच्या निडीवरून रोह्याला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे काँक्रीटचे स्लीपर त्याच विचाराचे वारस.

दबण्याची नाडी सिमेंटच्या सूक्ष्म पोकळ्यांतल्या पाण्याच्या हातात असते. तिथे तेल शिरलं तर काय? ओल्या काँक्रीटमध्ये ते सहजी शिरत नाही. म्हणून तर उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्रात 1973 साली उभारलेल्या काँक्रीटच्या टाकीत दहा लाख पिंपं कच्चं तेल मावायचं. कोरडं काँक्रीट मात्र तेल शोषून घेतं. पाणी मिळालं तर उरलंसुरलं सिमेंट मुरत राहतं, ताकद वाढते. तेल नुसतं जागा अडवतं. गंमत म्हणजे खनिज तेलापेक्षा आपलं गोडेतेल वाईट. त्यातली आम्लं चुन्याशी मिळून साबण करतात आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो.

नागोठणे-धाटाव औद्योगिक पट्ट्यात देखभालीची कामं करताना तेल गळणाऱ्या कॉम्प्रेसरची फाउंडेशनं पुष्कळ पाहिली. हातोडी मारली की चांगल्या जागी ठण्ण वाजतं, तेल मुरलेल्या जागी बद्द. छिन्नी लावली की खडी मसाल्यातून अख्खी सुटून येते, तेलकट आणि चकचकीत. दोष एकट्या तेलाचा नसतो. बारीक चीर, मशीनची धडधड आणि वर्षं, सगळ्यांचा हातभार.

अँकर बोल्ट सैल होतो, फिटर आवळतो, काही महिन्यांनी पुन्हा सैल. त्यावर ग्राउट ओतणं म्हणजे पैसे ओतणं, कारण तेलकट पृष्ठभागाला तो धरतच नाही. आधी गळती थांबवायची, मग काळं काँक्रीट स्वच्छ भाग लागेपर्यंत काढायचं. एवढ्यासाठी शटडाउन हवा, आणि उत्पादनवाल्यांकडे शटडाउन मागायला गेलं की ते बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघायला सांगतात.