टाचेची उंची

मनीषनगरातील सायंकाळच्या वर्दळीत एखादा पुरुष उंच टाचांची पादत्राणे घालून चालू लागला, तर भाजीवाल्यापासून पेन्शनरापर्यंत सर्वांच्या नजरा त्याच्या पायांशी खिळतील. परंतु त्या नजरांना जाब विचारण्याचा अखत्यार कोणी बहाल केला, हा प्रश्न मला नीतिशास्त्राहून तत्त्वज्ञानाचा अधिक वाटतो. उंच टाच ही मुळात इराणी घोडेस्वारांच्या रिकिबीची सोय होती, आणि फ्रान्सचा चौदावा लुई तांबड्या टाचा राजवैभव म्हणून मिरवीत असे; म्हणजे आज जे स्त्रीत्वाचे चिन्ह, ते एके काळी पौरुषाचे होते. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या शालूला दाद दिली, एकनाथांच्या गौळणींत पुरुषकंठातून गोपीची आर्तता ऐकली आणि अर्धनारीनटेश्वरापुढे मस्तक नमविले, त्याने रंगभूमीवर व देव्हाऱ्यात जे वंद्य मानले, तेच रस्त्यावर निंद्य का ठरवावे? वेशातून लिंगभाव प्रकट करणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचेच अंग होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. समाजाच्या दप्तरी मात्र त्याची नोंद अद्याप व्हावयाची आहे. आत्म्याला लिंग नाही, हे प्रवचनात आपण मान डोलावून ऐकतो. त्या श्रद्धेची परीक्षा मंडपाबाहेर, चपलांच्या ढिगाशी होते.