नोंदीतील कर्ता : हस्तकौशल्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची सूची आणि खुलेपणाची नीती

१

सूचीतील नोंद आपण सहसा वाचत नाही, वापरतो. तिच्या आधारे ग्रंथापर्यंत पोचायचे आणि ग्रंथ हाती आला की तिला विसरायचे, हा आपला रिवाज आहे. शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका, मलपृष्ठावरील मजकूर अशा संहितेच्या उंबरठ्यावरील घटकांचा विचार जेरार झनेत यांनी १९८७ मध्ये सविस्तर केला आणि समीक्षेने तो स्वीकारला. सूचीनोंदीकडे मात्र आपल्याकडील समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. नोंद ही वर्णनपर आणि म्हणून मूल्यनिरपेक्ष असते, हे गृहीतक त्यामागे असावे. या गृहीतकाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी निवडलेले क्षेत्र वरवर पाहता साहित्यविचारापासून दूरचे आहे : दूरचित्रवाणीवरून पूर्वी प्रसारित झालेल्या हस्तकौशल्यविषयक कार्यक्रमांची, ते सर्वांना ऑनलाइन खुले व्हावेत म्हणून केली जाणारी सूची.

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि बोस्टनची जीबीएच ही प्रसारणसंस्था (पूर्वीची डब्ल्यूजीबीएच) यांचा ‘अमेरिकन अर्काइव्ह ऑफ पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ हा संयुक्त संग्रह २०१३ पासून उभा राहिला. त्याचा ऑनलाइन वाचनकक्ष २०१५ मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी देशभरातील केंद्रांनी आपल्याकडील फितींची जी मोजदाद केली, तिच्यातून सुमारे पंचवीस लाख नोंदी जमा झाल्या होत्या. त्यांतील अनेकींचा उगम फितीच्या डबीवरील चिठ्ठीत होता. वाचनकक्षातील चित्रफिती अमेरिकेच्या हद्दीत कोणालाही पाहता येतात. हद्दीबाहेरील वाचकाला प्रायः नोंद तेवढी दिसते. पुणे किंवा पणजी येथे बसलेल्या अभ्यासकापुढे कार्यक्रम नसतो, कार्यक्रमाविषयीचे एक परिच्छेदभर गद्य असते. ते गद्य त्याच्यापुरते उंबरठा नसून घरच आहे. मग त्या गद्यात कोणाला स्थान मिळाले आणि कोणाला नाही, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

२

या संग्रहाच्या नोंदी ‘पीबीकोअर’ या आराखड्यानुसार होतात. तो बेतला गेला ‘डब्लिन कोअर’वर, आणि त्याचा आरंभ १९९५ मध्ये ओहायो राज्यातील डब्लिन येथे झालेल्या कार्यशाळेत झाला. शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, साहाय्यक, दिनांक, हक्क अशा त्यातील पंधरा घटकांच्या मुळाशी ग्रंथाची कल्पना आहे, हे सहज ध्यानात येते. एक कोणीतरी कर्ता, त्याची एक पूर्ण झालेली कृती आणि त्या कृतीचा सांगता येण्याजोगा विषय : ही त्रयी गृहीत धरल्याशिवाय रकाने भरता येत नाहीत.

हस्तकौशल्याचा कार्यक्रम या त्रयीत सुखाने बसत नाही. बॉब रॉस यांचा ‘द जॉय ऑफ पेंटिंग’ हा कार्यक्रम १९८३ ते १९९४ या काळात ४०३ भागांत प्रसारित झाला. प्रत्येक भागासाठी रॉस एकच चित्र साधारणतः तीनदा काढीत : एक आधी, समोर ठेवून पाहण्यासाठी, दुसरे कॅमेऱ्यापुढे, तिसरे नंतर, पुस्तकासाठी. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात कृती, तिची अभिव्यक्ती, तिचे मूर्त रूप आणि तिची प्रत असे चार स्तर कल्पिले आहेत. येथे मूळ कृती कोणती? पडद्यावर जे घडते ते आधीच्या चित्राचे अनुकरण आहे आणि नंतरच्या चित्राचा पूर्वाभ्यास. कार्यक्रमाचा खरा आशय तीनपैकी कोणत्याच चित्रात नसून अर्ध्या तासाच्या करण्यात आहे. करणे हे मात्र नामाच्या रकान्यात बसत नाही. ते क्रियापद आहे.

दुसरी अडचण परंपरेची. ओल्या रंगावर ओला रंग चढवण्याची ती पद्धत रॉस यांनी बिल अलेक्झांडर यांच्याकडून घेतली होती, आणि अलेक्झांडर यांचाही असाच कार्यक्रम त्यापूर्वी दूरचित्रवाणीवर होत असे. आपल्याकडे गायक गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरतो. त्या एका हालचालीत घराण्याची नोंद होते. सूचीत निर्मात्याला रकाना आहे, दिग्दर्शकाला आहे, प्रायोजकालाही जागा सापडते. शिष्यत्वाला स्वतंत्र रकाना नाही. ज्या व्यवहारात ‘कोणाकडून शिकलास?’ हा पहिला प्रश्न असतो, त्याच्या नोंदीत तोच विचारला जात नाही.

रॉस किंवा ‘द वुडराइट्स शॉप’मधून सुतारकाम शिकवणारे रॉय अंडरहिल हे निदान स्वतःच निवेदक होते, त्यांची नावे शीर्षकाबरोबर टिकली. ज्या कार्यक्रमांत निवेदक एक आणि हात दुसऱ्याचे, तेथे काय होते? बीबीसीने १९५३ मध्ये दोन कार्यक्रमांमधील रिकामी वेळ भरण्यासाठी कुंभाराच्या चाकाची एक छोटी फिल्म दाखवण्यास सुरुवात केली. तिच्यात चाक फिरत राहते, ओली माती उठते, बसते, पुन्हा उठते. दिसतात ते हात. भांडे काही पुरे होत नाही. प्रसारणाच्या परिभाषेत तिला ‘इंटरल्यूड’, म्हणजे मधला अवकाश, असे नाव होते. श्रमाचे इतके एकाग्र चित्रण, आणि त्याचा प्रवर्ग ‘कार्यक्रम नसलेली वेळ’ असा! प्रवर्गाचे नाव हेच येथे मूल्यमापन होऊन बसते.

३

नोंद अपुरी असेल तर यंत्राने केलेली उतारपट्टी ती उणीव भरून काढील, असे कोणी म्हणेल. उपर्युक्त संग्रहात हा प्रयोग झाला आहे. ध्वनीवरून यंत्राने शब्द उतरवले, आणि चुका दुरुस्त करण्यासाठी २०१७ मध्ये ‘फिक्स इट’ या खेळाद्वारे सामान्य लोकांनाही बोलावण्यात आले. हा उपक्रम अनुकरणीय आहे. परंतु हस्तकौशल्याच्या बाबतीत त्याची मर्यादा भाषेच्या स्वरूपातच आहे. शिकवणारा म्हणतो : ‘हे असे धरायचे, असे वळवायचे, आता एवढेच.’ ‘हे’, ‘असे’, ‘एवढे’ हे दर्शक शब्द आहेत. त्यांचा अर्थ वाक्यात नसतो, बोटांत असतो. कागदावर उतरताच ते पोकळ होतात. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये ज्या अव्यक्त ज्ञानाची मीमांसा केली, त्याची भाषेतील खूण शोधायची तर ती या ‘असे’त सापडेल. शोधयंत्र ‘असे’ शोधू शकत नाही. परिणामी जो अधिक बोलतो तो अधिक सापडतो, आणि ज्याचे हात बोलतात तो हरवतो.

वॉल्ट हिकी या पत्रकाराने २०१४ मध्ये रॉस यांच्या ३८१ चित्रांना विशिष्ट शब्दांच्या खुणा लावून त्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. ९१ टक्के चित्रांत निदान एक झाड आहे, असे त्यातून निष्पन्न झाले. हे रंजक आहे आणि खरेही आहे. तथापि खुणेच्या त्या शब्दांपैकी बहुतेक चित्रात काय आहे ते सांगतात. सुरीच्या पात्यावर रंग किती घ्यायचा, हात कोठे हलका करायचा, हे त्यांत येत नाही. ज्यासाठी लोक तो कार्यक्रम पाहत, ते वगळून उरलेल्याची मोजणी अचूक झाली.

४

आता मुख्य प्रश्नाकडे येता येईल. कारागिराचे नाव नोंदवणे हे नैतिक कर्तव्य आहे काय? उत्तर वाटते तितके सरळ नाही.

बार्थ यांनी लेखकाचा मृत्यू घोषित केला, फूको यांनी १९६९ मध्ये लेखक हे एक कार्य असल्याचे दाखवले. या विचाराच्या प्रभावाखाली नावाचा आग्रह मागासलेला वाटू शकतो. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी १९२५ च्या सुमारास ‘मिंगेई’ ही संज्ञा रूढ करताना अनाम कारागिराच्या निरहंकारी सौंदर्याचा गौरव केला होता. पण यानागी यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्या भांड्यांवरून त्यांनी सिद्धान्त रचला त्यांची नाहीत. नाव टाकून देण्याचे वैभव ज्याला आधी नाव मिळाले त्यालाच परवडते. लेखकाच्या मृत्यूची चर्चा करण्यापूर्वी कोणाचा लेखक म्हणून जन्मच होऊ दिला गेला नाही, हे पाहावे लागते. दलित आत्मकथनांनी मराठी समीक्षेला हा धडा दिलेला आहे.

मात्र आपल्या समाजात नावाची दुसरी बाजूही आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा एका अर्थी गावातील कौशल्यांचा सूचीग्रंथच आहे. आणि त्या व्यवस्थेत कामाचे नाव आणि जातीचे नाव एकच होते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे विषयशीर्षक आहे की व्यक्तीचे जन्मसिद्ध स्थान? कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्यांची जुनी चित्रफीत समोर आली, असे समजू. सूचीकार ‘पादत्राणे’ असे लिहील तर कातडे कमावणारा, तळ शिवणारा आणि वेणी घालणारी, हे तिन्ही हात एका निर्जीव वस्तूत विरतील. जात लिहील तर ज्या शब्दाचा अपमानासाठी वापर झाला तो, चित्रफितीतील माणसाच्या नातवंडांच्या आडनावाला शोधयंत्राने कायमचा जोडून देईल. २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेली हीच चप्पल जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडाच्या सादरीकरणात केवळ चामड्याची सँडल म्हणून अवतरली, आणि आक्षेप घेतल्यावरच तिच्या भारतीय मूळाचा उल्लेख झाला. वर्णनातील एक गाळलेला शब्द किती काही गिळू शकतो, हे त्यावरून दिसते. गाळणे हा अन्याय आहे आणि लादणे हाही.

५

यात खुलेपणाने भर पडते. १९७० किंवा १९८० च्या दशकात कॅमेऱ्यापुढे बसलेल्या कारागिराने एका संध्याकाळच्या प्रसारणाला संमती दिली होती. कोठूनही, कधीही, नावानिशी शोधता येण्याला त्याने संमती दिली नव्हती, कारण तशी कल्पनाच नव्हती. हक्कांचा रकाना संस्थेच्या मालकीविषयी बोलतो. या माणसाच्या इच्छेविषयी तो मूक असतो.

तेव्हा फिती बंद ठेवाव्यात काय? तसे म्हणणे म्हणजे शिकू इच्छिणाऱ्याचे दार लावून घेणे होईल. आणि ज्या कौशल्याचा शेवटचा जाणकार गेला, त्याचे दुसरे शाळागृह उरलेले नाही. माझ्या मते मार्ग वेगळा आहे. खुलेपणाची मागणी आपण चित्रफितीपुरती करतो; ती नोंदीकडूनही केली पाहिजे. व्यक्तीचे नाव ठाऊक असेल तर ते ‘साहाय्यक’ म्हणून नव्हे, कर्ता म्हणून यावे. ठाऊक नसेल तर ‘नाव नोंदवलेले नाही’ असे लिहावे. रिकामा रकाना आणि हे वाक्य यांत फरक आहे, कारण वाक्य उणिवेची जबाबदारी कबूल करते. समाजाचा उल्लेख सूचीकाराने अनुमानाने करू नये. बोलणाऱ्याने स्वतः केला असेल तर तो त्याचे विधान म्हणून यावा. नोंद कोणी, केव्हा, कशाच्या आधारे केली, हे दिसावे. आणि ज्याचे हात तेथे दिसतात त्याला किंवा त्याच्या वारसांना ‘हे चूक आहे’, ‘हे नको’ असे म्हणण्याची सोय असावी. ‘फिक्स इट’ने लोकांना शब्द दुरुस्त करू दिले, कर्तृत्व दुरुस्त करू देणे ही त्यापुढची पायरी होय.

यावर असा आक्षेप येईल की लाखो नोंदींच्या ढिगापुढे हे अव्यवहार्य आहे. आक्षेप खरा आहे. पण अव्यवहार्यतेमुळे कर्तव्य लहान होत नाही. फार तर ते अपुरे राहते, आणि अपुरे राहिल्याची नोंद करता येते. कुंभाराच्या त्या चाकावर भांडे पुरे होत नाही, म्हणून फिरवणारा थांबत नाही. सूचीकाराने त्याच्याकडून निदान एवढे शिकावे.